महामेरूवर कोण राहतं?

जावा बेटावरच्या सर्वांत उंच डोंगराचं नाव सेमेरू. उंची ३,६७६ मीटर. त्याच्या माथ्याला महामेरू म्हणतात, आणि हा शब्द मराठी माणसाला कुणी फोड करून सांगायला नको. सेमेरू जिवंत ज्वालामुखी आहे. जोंगरिंग सालोको नावाच्या त्याच्या विवरातून राखेचे आणि वाफेचे लोट सतत उठत असतात. इंडोनेशियातल्या तरुणांनी डोक्यावर घेतलेल्या डोंगराच्या दोन गोष्टी याच माथ्यावर येऊन पोहोचतात.

पहिली खरी आहे. सू हॉक गी हा विद्यार्थी चळवळीतला लेखक १६ डिसेंबर १९६९ रोजी इथे विषारी वायूनं मेला. दुसऱ्या दिवशी त्याला सत्तावीस वर्षं पूर्ण झाली असती. दुसरी गोष्ट आधी कादंबरी होती आणि मग सिनेमा झाली. तिचं नाव '५ सेमी'. तिच्यातले जाकार्ताचे तरुण १७ ऑगस्टला, म्हणजे इंडोनेशियाच्या स्वातंत्र्यदिनी, याच माथ्यावर झेंडा फडकवतात.

मला इंडोनेशियन येत नाही. सिनेमे सबटायटलच्या भरवशावर पाहिले, गीबद्दल जे वाचलं ते इंग्रजीतून. तरीही या दोन गोष्टी शेजारी ठेवल्यावर एक प्रश्न पिच्छा सोडत नाही. डोंगर चढण्याची गोष्ट सांगताना आपण तो डोंगर कुणाचा आहे असं गृहीत धरतो? प्रश्न फक्त सिनेमाचा नाही. बालीला गेलेला तुमचा एखादा मित्र पहाटे दोनला उठून बातूर चढतो आणि सूर्योदयाची रील टाकतो. ती रीलही एक गोष्टच आहे, आणि तिचा साचा कुठून तरी आलेला आहे.

डोंगर कशासाठी आणला

सुरुवात एका जुन्या गोष्टीपासून करू. 'तांतु पांगेलारान' नावाचा जुन्या जावानी भाषेतला एक ग्रंथ आहे. त्यात सांगितलंय की जावा बेट पूर्वी पाण्यावर डुलत होतं, स्थिर राहत नव्हतं. मग देवांनी जंबुद्वीपातून, म्हणजे आपल्याकडून, महामेरू उचलून तिकडे नेला. आधी तो बेटाच्या पश्चिम टोकाला ठेवला, तर पूर्वेकडची बाजू वर उचलली गेली. मग तो पूर्वेला न्यायला काढला. नेताना वाटेत त्याचे तुकडे पडत गेले आणि त्या तुकड्यांचे बाकीचे डोंगर झाले.

ही गोष्ट मला दोन कारणांसाठी आवडते. एक म्हणजे नकाशा समोर ठेवून वाचली तर ती भलतीच नेमकी आहे. जावाचे ज्वालामुखी खरोखरच पश्चिमेकडून पूर्वेकडे रांगेत उभे आहेत, सांडत गेल्यासारखे. भूगर्भशास्त्र त्याचं कारण वेगळं देतं: दक्षिणेकडून येणारी समुद्रतळाची प्लेट जावाच्या खाली सरकते आणि त्या रेषेवर वितळलेला खडक वर येतो. पण रांग कुणीतरी फार पूर्वी पाहिली होती आणि तिचा विचार केला होता, एवढं नक्की.

दुसरं कारण महत्त्वाचं. या गोष्टीत डोंगराला काम आहे. बेट हलू नये, त्यावर माणसांना राहता यावं, यासाठी त्याला आणलाय. तो जिंकायचा, गाठायचा, त्याच्यावर चढून स्वतःला शोधायचं, असला प्रकार यात नाही. राहणारी माणसं आधी, डोंगर त्यांच्यासाठी. पुढच्या सगळ्या गोष्टी मी या मापानं मोजणार आहे.

'५ सेमी' : सगळं नीट झालं तर

डोनी धिरगान्तोरोची कादंबरी २००५ ची. रिझाल मान्तोवानीनं तिच्यावर सिनेमा केला तो डिसेंबर २०१२ मध्ये आला आणि वीस लाखांहून जास्त लोकांनी थिएटरात पाहिला. पाच जिवलग मित्रांना वाटतं की आपण एकमेकांत फारच गुंतलोय. म्हणून तीन महिने भेटायचं नाही, फोन नाही, मेसेज नाही असं ठरतं. तीन महिन्यांनी ते पुन्हा भेटतात आणि एकाच्या बहिणीला सोबत घेऊन सेमेरू चढतात. नावाचा अर्थ असा की स्वप्न कपाळासमोर पाच सेंटीमीटरवर लटकत ठेवा, म्हणजे ते नजरेआड होणार नाही.

हा सिनेमा हसण्यावारी न्यायचा नाही. त्याच्यात खरी मजा आहे. जाकार्ताहून मलांगकडे जाणाऱ्या मातरमाजा या साध्या रेल्वेगाडीतला प्रवास छान जमलाय. एरवी मॉल आणि मोटारीत वावरणारी मुलं तिथे पहिल्यांदा बाकीच्या देशाच्या खांद्याला खांदा लावून बसतात. रानू कुंबोलोचं तळं साधारण २,४०० मीटर उंचीवर आहे. दोन टेकड्यांच्या खाचेतून तिथे सूर्य वर येतो, तेव्हा थिएटरातल्या किती जणांनी मनातल्या मनात सॅक भरली असेल याचा अंदाज बांधता येतो. 'जिंदगी ना मिलेगी दोबारा' पाहून स्पेनचे बेत आखणाऱ्या आपल्या पिढीला हे समजावून सांगायची गरज नाही.

तळ्याच्या पुढे एक चढ लागतो, 'तांजाकान चिंता'. मराठी वाचक इथे दचकेल. पण चिंता हा शब्द संस्कृतातून तिकडे गेला आणि तिकडे त्याचा अर्थ प्रेम असा झाला. म्हणजे हा प्रेमाचा चढ. आवडत्या माणसाचा विचार करत, मागे वळून न पाहता हा चढ चढलात तर ते प्रेम मिळतं अशी चढणाऱ्यांत समजूत आहे. मागे वळून पाहायचं नाही ही अट मला या सिनेमाचीच अट वाटते. त्याला फक्त पुढचं आणि वरचं दिसतं.

सॉफ्टवेअर लिहिताना आम्ही 'हॅपी पाथ' असा शब्द वापरतो. सगळं ठरल्याप्रमाणे झालं, इंटरनेट गेलं नाही, वापरणाऱ्यानं भलतं बटण दाबलं नाही, तर प्रोग्रॅम कसा चालेल ती वाट म्हणजे हॅपी पाथ. डेमोला तीच दाखवतात. पण खरं काम असतं ते बाकीच्या वाटांचं. '५ सेमी' हा डोंगराचा डेमो आहे. त्यातही संकट येतं. माथ्याच्या घसरड्या उतारावर दगड कोसळतात, रक्त येतं, एक जण गेलाच असं क्षणभर वाटतं. पण ते संकट मैत्रीनं पार करता येण्याजोगं आहे. हात द्या, ओरडा, रडा, पुन्हा उठा. सेमेरूवरचा खरा धोका असा नाही. तिथला नियम असा की मध्यरात्री निघून पहाटे माथा गाठायचा आणि सकाळ फार चढायच्या आत खाली यायचं. कारण दिवस वर आला की वारा विवरातला वायू माणसांच्या दिशेनं आणू शकतो. वायूपुढे मैत्री चालत नाही.

मग शेवटी झेंडा. माथ्यावर गर्दी आहे, राष्ट्रगीत आहे, आणि एकेक जण पुढे येऊन आपलं देशावर किती प्रेम आहे ते सांगतो. ही भाषणं ऐकताना मला सारखं एकच वाटत होतं: हे लोक ज्या गावातून चढायला लागले त्या रानू पानीबद्दल आपल्याला काय कळलं? तिथे तेंग्गर समाजाचे लोक राहतात. ते उभ्या उतारांवर बटाटा, कोबी, पातीचा कांदा पिकवतात. कथेतल्या एकाही मुख्य पात्राचं घर त्या डोंगरावर नाही. देशावरचं प्रेम माथ्यावर जाहीर होतं आणि देश वाटेत मागे राहतो.

सिनेमानंतर सेमेरूवर झुंबड उडाली. कचरा, तळ्याकाठची तंबूंची दाटी, तयारी नसताना चढणारे लोक, यावर इंडोनेशियात पुष्कळ लिहिलं गेलं. सिनेमा पाहून कुणी निसरड्या वाटेवर गेला तर गुन्हा सिनेमाचा, असं मी म्हणणार नाही. पण गोष्टीत काय वगळलं जातं याला वजन असतं, हे त्या झुंबडीनं दाखवून दिलं.

गी : त्याच माथ्यावरचा दुसरा माणूस

गंमत अशी की '५ सेमी'ला सर्वांत चांगलं उत्तर चार दशकं आधीच देऊन झालं होतं, आणि तेही याच डोंगरावर मेलेल्या माणसानं.

सू हॉक गी चिनी वंशाचा, जाकार्तात वाढलेला. विद्यापीठात इतिहास शिकला आणि तिथेच शिकवू लागला. शाळकरी वयापासून डायरी लिहायचा. १९६६ मध्ये सुकार्नोंच्या विरोधातल्या विद्यार्थी आंदोलनात तो पुढे होता. सत्ता बदलली, सोबतचे काही विद्यार्थी नेते संसदेत जाऊन बसले, आणि गी नव्या राजवटीवरही टीका करू लागला. कम्युनिस्ट म्हणून ठरवलेल्या माणसांच्या बालीतल्या कत्तलींबद्दल त्यानं लिहिलं, तेही अशा काळात जेव्हा त्याबद्दल बोलणारे जवळपास नव्हतेच. सेमेरूला निघण्याआधी त्यानं आणि मित्रांनी संसदेतल्या त्या जुन्या सोबत्यांना एक पार्सल पाठवलं. आत लिपस्टिक, पावडर आणि आरसे होते. सत्तेसमोर नटूनथटून बसा, असा त्याचा अर्थ.

विद्यापीठातला गिर्यारोहकांचा गट उभा करणाऱ्यांतही तो होता. आपण डोंगर का चढतो याचं त्यानं दिलेलं कारण इंडोनेशियात आजही सांगितलं जातं. त्याचा आशय असा: घोषणा देऊन देशप्रेम येत नाही. देशावर प्रेम करायचं तर तो जवळून बघावा लागतो, त्याची जमीन आणि त्याची माणसं, दोन्ही. म्हणून आम्ही चढतो.

आता हे '५ सेमी'च्या शेवटासमोर ठेवा. डोंगर तोच आणि विषयही देशप्रेमाचाच. गी म्हणतो डोंगर हा घोषणेवरचा उतारा आहे. सिनेमात डोंगर हे घोषणा देण्याचं व्यासपीठ आहे. सिनेमा गीचा वारसा सांगणाऱ्या गिर्यारोहणाच्या जगातूनच आलाय, म्हणून ही उलटापालट जास्त बोचते.

गीची डायरी पुस्तकरूपानं १९८३ मध्ये आली. रिरी रिझानं तिच्यावर आधारलेला 'गी' हा सिनेमा २००५ मध्ये केला, निकोलस सापुत्राला मुख्य भूमिकेत घेऊन. हा सिनेमा बहुतेक वेळ शहरात असतो. मोर्चे, वर्ग, रात्रीच्या चर्चा, तुटत गेलेल्या मैत्र्या यांत तो रमतो. डोंगर त्यात अधूनमधून येतो, दोन वादांच्या मधली शांतता म्हणून. मला ही मांडणी प्रामाणिक वाटते. कारण गीचं मोठेपण तो कुठे चढला यात नाही. तो उतरून पुन्हा त्याच भांडणात यायचा, यात आहे. सेमेरूवरून मात्र उतरणं झालं नाही. त्याच्यासोबत इधान लुबिस हा आणखी तरुण मुलगाही त्या वायूनं गेला.

पण गीलाही माझं माप लावायचं ठरलंय. देशाची माणसं जवळून पाहायला डोंगरावर जायचं, हे त्याचं म्हणणं. प्रत्यक्षात त्याचा डोंगर पुष्कळदा माणसांपासून दूर जाण्याची जागा आहे. पांगरांगो डोंगरावरची मांडालावांगी नावाची दरी त्याची लाडकी होती, तिच्यावर त्यानं कविता केली, आणि पुढे त्याची राख तिथेच विखुरली गेली. शहरातल्या ढोंगाला विटलेल्या पंचविशीतल्या माणसाला शांत दरी हवी असणं मी समजू शकतो. आपल्यातले अर्धे लोक त्यासाठीच शुक्रवारी रात्री लोकल पकडून कर्जत-कसारा गाठतात. पण शांत दरी ही तिथे रोज लाकूड आणायला जाणाऱ्यासाठी शांत नसते. ही गोष्ट सांगायला कॅमेरा दुसऱ्याच कुणाच्या पाठीमागे लागावा लागतो.

ओझं कुणाच्या खांद्यावर

मायकेल ग्लावोगर या ऑस्ट्रियन दिग्दर्शकाचा 'वर्किंगमॅन्स डेथ' हा २००५ चा माहितीपट जगातल्या अवघड शारीरिक कामांवर आहे. त्यातलं एक प्रकरण जावाच्या पूर्व टोकाकडच्या कावाह इजेनवर आहे. इजेन म्हणजे इन्स्टाग्रामवरचा तो निळ्या ज्वाळांचा डोंगर. भेगांतून बाहेर येणारा गंधकाचा वायू हवेत पेट घेतो आणि रात्री निळा दिसतो. विवराच्या तळाशी हिरवट-निळं तळं आहे, ते पाणी नसून जवळपास तेजाब आहे.

तळाशी पाइप लावलेत. त्यातून आलेला गंधक थंड होऊन पिवळा दगड बनतो. कामगार पहारीनं तो फोडतात, बांबूच्या काठीला दोन बाजूंना बांधलेल्या टोपल्यांत भरतात, आणि सत्तर ते नव्वद किलोचं ओझं खांद्यावर घेऊन विवराच्या काठापर्यंत चढतात, मग पलीकडे उतरतात. हा गंधक साखर पांढरी करायला लागतो, सौंदर्यप्रसाधनांना लागतो. म्हणजे तो डोंगर कुणाच्या तरी चहात रोज विरघळतो.

ग्लावोगरनं निवेदन ठेवलेलं नाही. मजुरी किती, आयुष्य किती, असले आकडे कानावर पडत नाहीत. कॅमेरा टोपल्यांच्या मागे चालतो. काठी कुरकुरते, पावलं पडतात, श्वास ऐकू येतो, आणि हे तुमच्या अपेक्षेपेक्षा जास्त वेळ चालतं. इथेच तो '५ सेमी'पेक्षा वेगळा होतो. चढ ही भावना आहे असं '५ सेमी' सांगतो. चढ म्हणजे वेळ आणि वजन, हे इथे अंगावर येतं. मग त्याच वाटेवर पर्यटक येतात आणि फोटो काढतात. दिग्दर्शक त्यांची टर उडवत नाही, त्यामुळे सुटका होत नाही. कारण आपणही तेच करतोय, पडद्यासमोर बसून.

तरी एक तक्रार आहे. या प्रकरणाला त्यानं नाव दिलंय 'भुतं'. धुरात येणाऱ्या-जाणाऱ्या आकृत्या पाहून ते सुचलं असणार, समजतं. पण भूत म्हटलं की माणूस या जगातला राहत नाही. ही माणसं संध्याकाळी घरी जातात, हप्ते भरतात, मुलांच्या शाळेची काळजी करतात. धुरातली आकृती सुंदर दिसते म्हणून तिला भूत करायचं, हा युरोपियन माहितीपटांचा जुना सोस आहे.

वर्नर हर्झोगच्या 'इन्टू द इन्फर्नो' (२०१६) या माहितीपटात हा सोस वेगळ्या रूपात दिसतो. त्याला डोंगराची बेपर्वाई भुरळ घालते. मानवजात काय, राजवटी काय, लाव्हाला काही पडलेली नाही, हा त्याचा आवडता सूर. ऐकायला भव्य वाटतं. पण सुमात्रातल्या सिनाबुंगच्या पायथ्याचा शेतकरी धोक्याच्या पट्ट्यातल्या आपल्या शेतात का परत जातो, याचं उत्तर त्या भव्यतेत नाही. मे २०१६ मध्ये तिथल्या बंदी घातलेल्या भागात शेतीच्या कामाला गेलेल्यांपैकी सात जण उकळत्या राखेच्या लोटात सापडून मेले. पीक उभं होतं म्हणून ते गेले होते.

इजेनवर आता आणखी एक धंदा उभा राहिलाय. गंधक वाहायच्या चाकाच्या गाड्यांत पर्यटकांना बसवून काही कामगार वर ओढून नेतात. थकलेला पर्यटक, खाली गादी, पुढे एक ओढतोय, मागे एक ढकलतोय. गंधकापेक्षा यात बरे पैसे आहेत आणि फुप्फुसंही वाचतात, म्हणून नाक मुरडण्याआधी विचार करावा. पण त्या गाडीतून काढलेल्या रीलमध्ये ओढणाऱ्याची पाठ दिसते का, एवढं नक्की बघावं.

किल्लीवाला आणि जाहिरात

मध्य जावातला मेरापी हा ज्वालामुखी योग्यकार्ता शहराच्या डोक्यावर आहे. योग्यकार्ताचा सुलतान या डोंगराचा एक राखणदार नेमतो. त्याला 'जुरु कुंची' म्हणतात. कुंची म्हणजे किल्ली. दरवर्षी राजवाड्याकडून आलेला नैवेद्य डोंगराला पोहोचवणं हे त्याचं काम. १९८२ पासून ते काम म्बाह मारिजान यांच्याकडे होतं. म्बाह म्हणजे आजोबा.

२००६ मध्ये मेरापी खवळला तेव्हा सगळ्यांना हलवलं, पण आजोबा गाव सोडेनात. ते वाचले आणि देशभर प्रसिद्ध झाले. मग एका शक्तिवर्धक पेयाच्या जाहिरातीत ते झळकले. ही जाहिरात मला या सगळ्यातली सर्वांत बोलकी कलाकृती वाटते. म्हातारा डोंगरासमोर उभा राहिला याचा तिनं लावलेला अर्थ असा की त्याच्यात ताकद आहे. पण मारिजान थांबले ते नेमून दिलेलं काम म्हणून. चौकीदार ड्युटी सोडत नाही तसे. जाहिरातीला कर्तव्य विकता येत नाही, मर्दानगी विकता येते, म्हणून तिनं एकाचं दुसरं केलं.

२६ ऑक्टोबर २०१० च्या संध्याकाळी मेरापीचा उष्ण लोट किनाहरेजो गावावर आला. मारिजान घरातच होते. त्यांचा देह मिळाला. त्या गावात त्यांच्यासोबत आणखीही बरेच जण गेले. पुढचे काही आठवडे उद्रेक चालू राहिला आणि एकूण साडेतीनशेच्या आसपास माणसं मेली. हा आकडा कितीतरी मोठा होऊ शकला असता. तो झाला नाही, कारण भूकंपमापकांवर लक्ष ठेवून बसलेल्या शास्त्रज्ञांनी वेळेत इशारे दिले आणि धोक्याची हद्द वाढवत नेली. त्यांचे प्रमुख सुरोनो यांनाही लोक म्बाह रोनो म्हणू लागले. एका डोंगराला दोन आजोबा मिळाले. एक श्रद्धेनं थांबलेला, एक आकडे वाचून लोकांना हलवणारा. या दोघांतला खरा संवाद, म्हणजे गावकऱ्यानं कुणाचं ऐकायचं आणि का, हा मोठ्या कादंबरीचा ऐवज आहे. तीस सेकंदांच्या जाहिरातीत तो मावणार नव्हता.

आज त्या भागात जीपमधून 'लाव्हा टूर' निघतात. मारिजान यांचं घर होतं ती जागा त्या सहलीतला एक थांबा आहे.

फोनमधला डोंगर

सुमात्रात जवळपास याच नावाचा दुसरा डोंगर आहे, मारापी. ३ डिसेंबर २०२३ रोजी, रविवारी दुपारी तो अचानक फुटला. तेव्हा डोंगरावर ७५ गिर्यारोहक होते. २४ जण मेले. राखेनं माखलेले चेहरे, मदत मागणारे आवाज, असे फोनवरचे व्हिडिओ काही तासांत जगभर फिरले.

त्यात बहुतेक जण आपल्या वयाचे किंवा लहान होते. ते नियम मोडून चोरवाटेनं गेलेले नव्हते. रीतसर नोंदणी करून गेले होते. दुसरीकडे त्याच देशाच्या ज्वालामुखी खात्यानं २०११ पासून मारापी सावधानतेच्या दुसऱ्या पातळीवर ठेवला होता आणि विवरापासून तीन किलोमीटरच्या आत जाऊ नका अशी शिफारस होती. एक खातं जाऊ नका म्हणतं, दुसरं खातं तिकीट देतं. या दोन कागदांच्या मधल्या फटीत ती माणसं सापडली.

मी या फटीकडे समीक्षक म्हणून बघतो. सावधानतेची दुसरी पातळी हाही एक मजकूर आहे, पण कंटाळवाणा. बारा वर्षं तोच इशारा लागलेला असेल तर तो भिंतीवरच्या रंगासारखा होतो. त्याच्या शेजारी माथ्यावरच्या सूर्योदयाचे हजारो व्हिडिओ असतात, आणि प्रत्येकात सगळं नीट झालेलं असतं. कारण नीट झालं तेव्हाच व्हिडिओ टाकला जातो. हॅपी पाथ इतक्या वेळा पाहिला की तीच एक वाट आहे असं वाटू लागतं. ३ डिसेंबरचे व्हिडिओ हे त्याच फोनवरून, त्याच वाटेवरून आलेले, पण साच्याबाहेरचे होते. म्हणून ते पाहवत नव्हते.

आपला सह्याद्रीही लाव्हाचाच, फक्त साडेसहा कोटी वर्षांपूर्वी निवलेला. त्यामुळे आपल्या ट्रेकच्या गोष्टींना विवराची भीती नाही. पण बाकी साचा ओळखीचा आहे. गडाचा इतिहास येतो, कडा येतो, ढग येतात, आणि पायथ्याच्या वाडीतला माणूस येतो तो पिठलं-भाकरी वाढायला. तो पावसाळ्यात चार महिने काय करतो, त्याची मुलगी शाळेत किती लांब जाते, दरड कोसळायची भीती त्याला कोणत्या रात्री वाटते, हे आपल्या ब्लॉगांत फार क्वचित येतं. '५ सेमी'वर हसताना हा आरसा जवळ असावा.

चढण्याची आणखी एक तऱ्हा

सेमेरूच्या शेजारी ब्रोमो आहे. तेंग्गर लोक दरवर्षी कसादाच्या उत्सवात तिथे चढतात. पाठीवर भाजी, फळं, कोंबड्या, कधी बकरी. हे सगळं ते विवरात टाकतात. आपल्या पूर्वजांनी डोंगराला दिलेला शब्द पाळायचा म्हणून. विवराच्या आतल्या उतारावर काही लोक लांब काठीला जाळी लावून उभे असतात आणि पडणारी भाजी, कोंबडी, पैसे झेलतात. यात अपमान कुणी मानत नाही. वरच्यानं दिलं, खालच्यानं घेतलं, डोंगराला पोहोचलं.

या दृश्यात भक्ती आहे, गरिबी आहे, धोका आहे आणि थोडा विनोदही आहे, आणि कुणालाही भूत किंवा हिरो करावं लागत नाही. डोंगराची गोष्ट सांगणाऱ्याला इथून शिकता येईल. वर जाताना तुमच्याकडे काय होतं, खाली काय आणलंत, आणि ते कुणी उचललं, एवढं जरी गोष्टीत आलं तरी साचा मोडतो.

४ डिसेंबर २०२१ रोजी सेमेरू मोठा फुटला. गरम राख आणि दगडांचे लोट आग्नेयेकडच्या नदीच्या घळीतून खाली आले. पन्नासहून जास्त माणसं गेली. त्यांत नदीपात्रात वाळू काढणारे मजूर होते. ती वाळू म्हणजे याच डोंगराची आधीची राख, आणि ती इमारती बांधायला जाते. मेलेल्यांपैकी कुणीही माथा गाठायला निघालेलं नव्हतं. ते डोंगराच्या अंगावर कामाला गेले होते.

त्यानंतर सेमेरूची वाट बराच काळ बंद होती. डिसेंबर २०२४ मध्ये उघडली ती फक्त रानू कुंबोलोपर्यंत. तळ्याकाठी तंबू ठोकायचा, पहाटे त्या खाचेतून वर येणारा सूर्य पाहायचा आणि परत फिरायचं. ज्यांनी '५ सेमी' पाहून सॅक भरली त्यांना हे अर्धवट वाटेल. मला वाटतं परतीच्या वाटेवर रानू पानीला एखाद्या चुलीपाशी अंग शेकत बसायला वेळ मिळेल, आणि बोलायला समोर बटाट्याचं शेत कसणारं कुणीतरी असेल. गी ज्याला देश जवळून बघणं म्हणत होता, ते तिथे करता येईल. त्यासाठी माथा लागत नाही.